तांड्यातला शेवटचा बैल

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. आजवर लाथा किती खाल्ल्या? आणि माणसांनाही इंजेक्शन देता का? पहिला प्रश्न आला की मी नुसता मांडीवर हात ठेवतो. दुसऱ्याला माझं उत्तर कायम 'नाही' असंच असतं. तरी भोकरमाळात एका म्हाताऱ्यानं बैलाचं इंजेक्शन भरताना पाहून, "त्यातलंच थोडं माझ्या गुडघ्यासाठी राहू द्या," म्हणत सदऱ्याची बाही वर सारली होती. मी रागावलो तर म्हणाला, "बैलाला लागू व्हतं, मंग मला काहून न्हाई?" मी सगळं औषध बैलालाच टोचलं.

मी मूळचा हट्ट्याकडचा, सपाट काळ्या रानातला माणूस. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. पदवीचा डॉक्टर नव्हे, पण लोक 'ढोराचे डॉक्टर' म्हणत आणि मी कधी दुरुस्त करत बसलो नाही. नोकरीची शेवटची वर्षं भोकरमाळात गेली. डोंगराच्या कुशीतलं एवढंसं गाव. गावात शेतकऱ्यांची घरं, आणि भोवतालच्या टेकड्यांवर बंजाऱ्यांचे तांडे. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. आता सगळे कापूस, सोयाबीन, हळद करतात. बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, सहा महिन्यांत परत बदली मागून घेतो. पुढं ती मागायची राहूनच गेली.

आमच्या धंद्याची मुख्य अडचण अशी की रोगी बोलत नाही, आणि जो बोलतो तो रोगी नसतो. मालकाला विचारावं, कधीपासून खात नाही? तो म्हणतो, "कालपस्तोर तर बराबर खाऊन राहिली होती." जनावराच्या बरगड्या मात्र वेगळंच सांगत असतात. म्हणून मी आधी शेण बघायचो, मग नाकपुडी ओली आहे का ते, मग डाव्या कुशीवर मूठ दाबून पोट हलतं का ते. मालकाचं ऐकायचं शेवटी. हल्ली लोक फोनवर फोटो पाठवतात, त्यातही गंमत. दुखणं सडाला असो नाहीतर शेपटीला, फोटो कायम तोंडाचा. मी विचारायचो, "अरे, हिच्या कासेचा फोटो पाठव ना." पलीकडून उत्तर यायचं, "तोंड नसलं तर कोणची गाय हाय ते तुमाला कसं समजल?" बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या लेखी मी आजार ओळखण्याआधी गाय ओळखायला हवी होती.

गावातल्या मारोतरावांनी एकदा घाईनं बोलावलं. बैल वैरणीला तोंड लावत नव्हता. ताप नाही, पोट चालू, रवंथ ठीक. मारोतरावांनी तोवर नजर उतरवून झालेली, मिरच्या जाळून झालेल्या. मी गोठाभर फिरलो तेव्हा लक्षात आलं की गोठा नवा बांधलाय आणि बैल जोडीदाराच्या उजवीकडं बांधलाय. जन्मभर हा बैल औताला डावीकडं चाललेला. मी म्हटलं, बाजू बदला. बदलली, आणि तासाभरात त्यानं पेंढी ओढली. त्या दिवसापासून मारोतराव माझ्यावर खूश आणि त्या नव्या गोठ्यावर नाराज. पुढच्या गोष्टीत ते पुन्हा येतील, म्हणून त्यांची ओळख इथंच करून दिली.

मला सांगायचंय ते लिंबाच्या तांड्यावरच्या गोमीयाडीबद्दल आणि तिच्या हिऱ्याबद्दल. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तांड्यातली थोरली बाई म्हणून मीही तिला याडीच म्हणायचो. अंगानं काटक, आवाज करडा, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडं न बघता त्याच्या जनावराकडं बघायची सवय. तिला दोन्ही मुलगेच. थोरल्या परसरामला एक मुलगी झाली, पूजा. त्या घरातलं मुलगी म्हणून जन्माला आलेलं ते पहिलं लेकरू, आणि पुढंही मुलगेच झाल्यानं तेवढं एकच.

हिऱ्या आणि माणक्या ही परसरामची लाल कंधारी बैलजोडी. लम्पीचा आजार डोंगरात पसरला त्या साली दोघंही आडवे झाले. अंगभर गाठी, पाय सुजलेले, डोळ्यांतून पाणी. माझ्याकडं करण्यासारखं फार नव्हतं. ताप उतरवायचा, जखमा धुवायच्या, माशा बसू द्यायच्या नाहीत. पूजा तेव्हा कॉलेजातून घरी आलेली. लिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून ती दिवसभर बैलांची अंगं पुसायची, गोठ्यात धूर करायची. माणक्या गेला. हिऱ्या राहिला, पण पुढचा उजवा पाय कायमचा जाड आणि ताठर झाला. औताला तो पुन्हा जुंपला गेला नाही. त्या सालानंतर तांड्यातल्या एकेका घरानं बैल काढून टाकले आणि नांगरटीला भाड्यानं ट्रॅक्टर सांगायला सुरुवात केली. बघता बघता अख्ख्या तांड्यात हिऱ्या हा एकटाच बैल उरला. माझ्या दवाखान्यापुढचा लोखंडी खोडा, ज्यात बैल उभा करून आम्ही तपासायचो, तोही गंजायला लागला होता. मला त्याचं वाईट वाटायचं. काम कमी झालं म्हणून नव्हे. बैल गेले तसे ते घेऊन येणारे लोकही दवाखान्याच्या ओट्यावर बसायचे बंद झाले, म्हणून.

पूजाचं लग्न ठरलं. मुलगा डोंगरकड्याकडच्या तांड्यावरचा, चांगला, शिकलेला. लग्नाला दोन दिवस असताना परसरामचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, हिऱ्या बसला. उठूनच न्हाई राहिला."

आमच्या धंद्यात 'बसला' हा शब्द ऐकला की हातातलं काम टाकून निघावं लागतं. एवढं जड अंग एका कुशीवर पडून राहिलं की खालचा पाय स्वतःच्याच वजनानं बधिर होतो. मग मूळ दुखणं बरं झालं तरी बैल उठत नाही. मी गाडी काढली आणि घाट चढलो.

वर जाऊन बघतो तो चार-पाच गडी बैलाच्या पोटाखाली लाकडं घालून त्याला उचलायच्या तयारीत. एक जण शेपटी पिरगाळून बसलेला. माझं डोकं फिरलं. मी तोंडाला येईल ते बोललो आणि सगळ्यांना मांडवाकडं पिटाळलं. मग बैल तपासला. ताप नव्हता. पोट चालू होतं. डोळे स्वच्छ. कण्यावरून बोटं दाबत मागं आलो तेव्हा कमरेपाशी त्याच्या अंगाला थरथर सुटली आणि तो कण्हला. तिथले स्नायू दगड झाले होते. ओझं वाहून दमलेल्या बैलाची पाठ अशी होते. पण हिऱ्यानं तर कितीतरी दिवसांत ओझं पाहिलं नव्हतं.

आणि पाठीवर सगळीकडं हळद लागलेली. खांद्यापासून कमरेपर्यंत, पिवळे हात उमटलेले.

"याच्या पाठीवर काय लादलं होतं?" मी विचारलं. परसराम आढ्याकडं बघायला लागला. याडी बैलाकडं. गोठ्याच्या दाराशी बायकांचा घोळका उभा होता, त्यातून एक दबलेलं हसू ऐकू आलं आणि लगेच थांबलं. शेवटी शेजारच्या घरची सून शांताबाई पुढं आली. पदर तोंडावर धरून म्हणाली, "भाऊ, आमीच चढलो."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंजाऱ्यांमध्ये नवरी सासरी निघते तेव्हा सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते. बसत नाही, उभी राहते. दोन्ही हात वर करते आणि रडत रडत एक लांब सूर लावते. त्याला हवेली म्हणतात. बापाचं घर भरलेलं राहो, भाऊ सुखात राहोत, गायी-बैलांना चारापाणी मिळो, असं ती त्यात मागते आणि मग निघते. तांड्यात बैल होते तोवर हे आपोआप चालायचं. बैल कमी झाले तशा गाड्या आल्या, आणि नवऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून जायला लागल्या.

याडीच्या घरातून आजवर मुलगी अशी गेलीच नव्हती. आता एक जाणार होती आणि तांड्यात एकच बैल होता. तिनं ठरवलं, पूजा हिऱ्यावर उभी राहूनच जाईल. पण हिऱ्याच्या पाठीवर कधी बाई चढली नव्हती. ऐन वेळी बुजला तर? म्हणून त्याला सवय लावायची. पूजाच्या अंगाला हळद लागलेली, ती घराबाहेर पडायची नाही. मग शेजारची एक हलकी पोरगी चढवली. हिऱ्या शहाण्यासारखा उभा राहिला. ते पाहून शांताबाई म्हणाली, मी बघू का? तिच्यानंतर दुसरी. ही बातमी खालच्या तांड्यावर गेली. दुपारी गडी माणसं रानात गेली की बायका पेटीतले आरशांचे घागरे काढून घालायच्या आणि टेकडी चढून यायच्या. बैलाला हळदीचा हात लावायचा, पाया पडायचं, सूर लावून चढायचं, आणि आपापली हवेली म्हणून घ्यायची.

ऐकून मी चिडलो. "अहो, आजारातून उठलेलं जनावर ते! एखादी चढली तर ठीक. अख्खा तांडा चढवता काय त्याच्यावर?"

बाकीच्या बायका मागं सरल्या. शांताबाई मात्र जागची हलली नाही. पदर तोंडावरून काढून म्हणाली, "भाऊ, माझ्या लग्नात गाडी आली होती. डायवर हॉर्नवर हॉर्न देऊन राहिला होता. लौकर बस, लौकर बस. रडू बी देलं न्हाई मला. तवाचं ऱ्हायलेलं रडणं परवा रडले. हिऱ्याला तकलीफ झाली, चुकलंच आमचं. पण त्यो हलला न्हाई भाऊ. माझं संपस्तोर हलला न्हाई."

यावर रागवायचं कसं? मी खाली बसून सुई भरायला लागलो. डोळे भरून आले होते, ते त्या बायकांना दिसू नयेत एवढीच काळजी होती.

वेदना कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. सलाईन लावली. मऊ मातीचा आणि भुशाचा बिछाना करून घेतला, दर थोड्या वेळानं कूस बदलायला सांगितली, मीठ घातलेल्या गरम पाण्यानं पाठ शेकायला सांगितली. शेकायला लागल्या त्या त्याच बायका. पूजा अंगाला हळद असतानाच गोठ्यात येऊन बसली. कुणी तिला अडवलं तर म्हणाली, "माझ्या येण्यानं त्याला काही व्हत न्हाई. तुमच्या येण्यानंच झालंय." बायका हसल्या, आणि माझ्या मनावरचा ताणही जरा उतरला.

मारोतरावांच्या कानावर गेलं तसा हा माणूस दुसऱ्या दिवशी आपला पांढरा बैल घेऊन चढ चढून आला. "याडी, माझा घ्या. गरीब हाय, लेकरासारखा." मांडवाच्या खांबाला बांधून बैल उभा केला. शांताबाई आरशांचा घागरा घालून समोर आली. ऊन पडलेलं, आरसे लखलखले, घुंगरं वाजली. त्या लेकरासारख्या बैलानं एकदा डोळे फाडून पाहिलं आणि मांडवाचा एक खांब दाव्याबरोबर ओढत थेट गावाच्या दिशेनं सुटला. मागं धोतर सावरत मारोतराव. पार खालच्या ओढ्यापर्यंत त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. लग्नघर पोट धरून हसलं. फक्त याडी हसली नाही. ती उठून हिऱ्याजवळ जाऊन बसली.

लग्नाच्या दिवशी सकाळीच परसरामचा फोन. "उठला," एवढंच म्हणाला. मी तसाच निघालो. हिऱ्या खरंच स्वतःच्या पायांवर उभा होता. शिंगांना गोंडे, गळ्यात माळ, पाठीवर आरशांची झूल. भोवती अख्खा तांडा. याडीनं मला हाताला धरून त्याच्यापाशी नेलं. "बगा डाक्टर. हाय का न्हाई तयार?"

मी पाठ दाबून पाहिली. कमरेपाशी अजून दुखत होतं. जाड पाय टेकवताना तो वजन चोरत होता. उभा राहू शकत होता, पण नवरी पाठीवर असताना तो पाय लचकला असता तर बैलही गेला असता आणि पोरगीही अंगाखाली आली असती. मी मान हलवली. "याडी, त्याच्यावर कुणी चढायचं नाही."

"थोडा येळ. एकाच पोरीपुरतं."

"नाही."

"माझी एकच हाय हो."

"मला माहीत आहे, याडी. नाही."

नोकरीत मी पुष्कळांना 'नाही' म्हटलंय. आता गाय वाचणार नाही, ही म्हैस गाभण नाही, असं तोंडावर सांगितलंय. पण त्या दिवशीचं 'नाही' मी तिच्याकडं न बघता, बैलाकडं बघत म्हटलं. याडी माझ्याकडं बघून म्हणाली, "मंग त्या साली त्येला वाचवला कशाला?"

"असा उभा दिसावा म्हणून," मी म्हणालो. तिनं माझा हात सोडला आणि पाठ फिरवली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

दुपारी लग्न लागलं, जेवणं झाली. वराकडची मंडळी दिवस मावळायच्या आत घाट उतरायची घाई करायला लागली. फुलं लावलेली गाडी चालू करून ठेवलेली. पूजा मांडवातून बाहेर आली ती गाडीकडं वळली नाही. ती हिऱ्यापाशी गेली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तशी शांताबाई त्याच्या खिडकीशी जाऊन काय बोलली कोण जाणे, त्यानं इंजिनच बंद केलं.

पूजा बैलाच्या बाजूला जमिनीवर उभी राहिली. त्याच्या पाठीला हात लावला, मग दोन्ही हात वर केले आणि सूर लावला. शहरात शिकलेली पोर, पण सूर अगदी आजीसारखा करडा.

हिऱ्यानं कान हलवले. मग पुढचे दोन्ही पाय फाकवले. मागचे पाय मागं सरकवून रोवले, मान खाली घेतली आणि पाठ ताठ केली. मला वाटलं हा कोसळतोय. मी धावलो. शांताबाईनं मला मध्येच धरलं. ती रडत होती.

"पडून न्हाई राहिला भाऊ. आमी सूर लावला की तो असाच थांबायचा. कोणी चढल म्हणून वाट बघून राहिला."

कुणी चढलं नाही. पूजानं त्याच्याकडं पाहिलं, तिचा सूर फाटला, पण तिनं तो सोडला नाही. घर मागितलं, भाऊ मागितले, गायी-बैल मागितले. संपल्यावर तिनं त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि ती गाडीत जाऊन बसली. गाडी घाट उतरून गेली. मागं धूळ राहिली, तीही हळूहळू बसली.

हिऱ्या तसाच उभा होता. पाय फाकवलेले, पाठ ताठ. जाड पाय थरथरत होता. परसरामनं कासरा ओढला, तो हलला नाही. मी पाठीवर थाप मारली, हलला नाही. एवढी वर्षं जनावरांत काढून मला त्या क्षणी काय करावं ते कळेना.

तेव्हा याडी पुढं आली. तिनं मला बाजूला केलं, हिऱ्याचा कान हातात घेतला आणि त्यांच्या बोलीत हळू काहीतरी बोलली. मी परसरामला विचारलं, काय म्हणाली?

"गेली म्हणली," तो म्हणाला. "सुखानं गेली, आता सोड."

हिऱ्यानं एक मोठा श्वास टाकला, आणि एकेक करून चारही पाय जवळ घेतले.